ठिपका क्रमांक ३७

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

कालच्या प्रकाराचा अहवाल मागितला आहे. आधी इथे मांडते.

१. सकाळी १०:१२ ला कालव्याकाठच्या भागातली वीज गेली.
२. त्या भागात घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेले आपले चार रुग्ण आहेत. मशीन विजेवर चालतं.
३. १०:१५ ला समन्वयकांनी सिलिंडरची गाडी पाठवली. गाडीवर एकटेच चालक होते, त्यांना चार क्रमांक दिले. पत्ते दिले नाहीत. पत्ते फोनवर सांगायचे नाहीत असा नियम आहे, ते नकाशात असतात.
४. पहिली तीन घरं चालकांच्या रोजच्या माहितीतली. ती १०:३५ पर्यंत झाली.
५. चौथं घर, क्रमांक ३७, त्यांना सापडलं नाही. ते कालव्यापलीकडे धुलाई कारखान्याच्या फाटकाशी गेले.
६. ११:०९ ला ते योग्य घरी पोहोचले. तोवर घरातला छोटा राखीव सिलिंडर संपून एकोणीस मिनिटं झाली होती.
७. रुग्ण, वय ७४, बेशुद्ध होते. रुग्णालयात हलवलं. जिवंत आहेत.
८. चालकांनी या काळात कुणाशी संपर्क साधल्याची नोंद नाही.

आठवा मुद्दा आमच्या प्रमुख मॅडमनी सुचवला. मी नोंदवही पाहिली. खरंच नोंद नाही, म्हणून लिहिला.

चालकांकडून गाडीची किल्ली काढून घेतली आहे. गुरुवारी, २० तारखेला, समितीपुढे चौकशी. दोष त्यांचा ठरला तर नोकरी जाईल. मॅडम म्हणाल्या, "चौतीस मिनिटं माणूस करतो काय? कुठेतरी टेकला असणार."

नकाशा मी केला आहे. हे अहवालात लिहिण्याची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुट्टी होती. घरात बसवेना. कालव्यावर गेले.

धुलाई कारखान्याच्या फाटकापासून क्रमांक ३७ चं घर दिसतं. निळा दरवाजा, खिडकीत तीन कुंड्या. सरळ रेषेत २१२ मीटर. पण मध्ये पाणी. पूल खालच्या अंगाला, रस्त्याने जायचं तर १.९ किलोमीटर, त्यातही शेवटची गल्ली गाडीला अरुंद. मी दोनदा चालले. पहिल्यांदा चोवीस मिनिटं, दुसऱ्यांदा एकवीस. दुसऱ्यांदा का चालले, सांगता येणार नाही.

२१२ हा आकडा मला मोजायची गरज नव्हती. तो मीच दिला आहे.

आमचे नकाशे दोन आहेत. आतला, पासवर्डचा, त्यात प्रत्येक घर दारापर्यंत अचूक. बाहेरचा सगळ्यांसाठी, वीजकचेरीसाठी आणि स्वयंसेवकांसाठी. वीज गेली की त्या भागातले ठिपके आपोआप लाल होतात. बाहेरच्या नकाशात मी प्रत्येक ठिपका मुद्दाम हलवला आहे. ८० ते २५० मीटर, कुठल्याही दिशेला. कोण आजारी आहे हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. असं करतात. पद्धत मान्य आहे. ठिपका पाण्यात पडणार नाही याची काळजी घेतली होती. पाण्याच्या कुठल्या बाजूला पडेल, याची घेतली नव्हती.

वास्तविक हे सुचवलं क्रमांक ३७ नेच. सप्टेंबरात मी त्यांच्याकडे गेले होते. कालव्याकाठची अकरा घरं मी एकटीने पायी केली, बाकीच्या पन्नास घरांना चालक गाडीने घेऊन गेले. हे घड्याळवाले. अजून दुरुस्ती करतात. नाकात नळी, डोळ्याला भिंग.

"हे बघ पोरी, नकाशात घाल, पण माझ्या दारात नको घालू," ते म्हणाले. "गिऱ्हाईक माझ्या हातासाठी येतं. नळी दिसली की म्हणेल, म्हाताऱ्याचा हात कापत असणार."

"कापतो का?" मी विचारलं. नोंदीसाठी.

"तुझं घड्याळ काढ."

काढलं. त्यांनी मागचं झाकण उघडून, आतली धूळ काढून चार मिनिटांत परत दिलं. हात कापत नव्हता.

सोमवार, १० नोव्हेंबर

मॅडमकडे गेले. अहवाल वाचून त्यांना बरं वाटलं.

"अगं, छान लिहिलंयस. मोजकं. फक्त पाचव्यात 'सापडलं नाही' ऐवजी 'चालकाची वाट चुकली' असं कर."

"ते बाहेरच्या नकाशावरून गेले असावेत. तिथला ठिपका हललेला आहे."

"तो त्यांनी वापरायचाच नव्हता ना? आतला वापरायचा. मग वाट चुकली हे खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग झालं तर. तीन गावं आपला नकाशा घ्यायला बसलीत. आता पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तुझाच पाय आहे तो."

मी 'वाट चुकली' असं केलं.

परत येऊन बदलांची नोंद उघडली. नकाशात जो काही बदल होतो तो तारीख, वेळ आणि नावासह तिथे राहतो, पुसता येत नाही. तशी सोय मीच ठेवली. १४ ऑक्टोबर, दुपारी ३:२०: "वरची पट्टी काढली. मांडणीत सुधारणा." पुढे माझं नाव.

ती पिवळी पट्टी होती: "खुणा अंदाजे आहेत. घर शोधायला वापरू नका." मोबाईलवर ती नकाशा मोठा करायच्या बटणावर चढायची. मॅडम म्हणाल्या होत्या, "लोकांना दिसतं काय, तर आपण अंदाजे आहोत. काढ ती." मी पट्टी खाली सरकवू शकले असते. दीड तासाचं काम होतं. काढायला अर्धं मिनिट लागलं. 'मांडणीत सुधारणा' हे शब्द कुणी सांगितले नव्हते, माझेच आहेत.

संध्याकाळी आईचा फोन.

"राहतेस कुठे ते एकदा नीट सांगशील का? मावशी विचारते, मी काय सांगू?"

"पाण्याच्या टाकीजवळ."

"टाकीजवळ, टाकीवर की टाकीत? तुझा पत्ता म्हणजे हवामानाचा अंदाज झालाय."

"पाठवते."

"मार्चपासून पाठवतेयस."

तिला पत्ता दिला की ती येणार, आणि आली की विचारणार. काय विचारणार ते माहीत आहे. पाठवला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काही झालं नाही. नकाशाचं पान दिवसात एकतीस वेळा उघडलं. ठिपके जागेवर आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आतला नकाशा त्या दिवशी का वापरला नाही, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. मी समन्वयकताईंना विचारलं. त्या फोनपाशी बसतात, सगळ्यांशी बोलतात, माझ्याशी कमी.

"उघडलाच नाही," त्या म्हणाल्या. "पासवर्ड टाकला, तर म्हणतो मुदत संपली. मी म्हटलं, बाबा, माझीही संपत आलीय, उघड. नाही उघडला."

"मुदत संपण्याआधी मेल येतो."

"कुठे येतो?"

पाहिलं. जुन्या पत्त्यावर जातो. तो पत्ता ऑगस्टात बंद झाला. तेव्हा बदलायला हवा होता. नव्वद दिवसांची मुदत मी घातली होती.

"मग चालकांना काय सांगितलंत?"

त्यांनी दाराकडे बघितलं. "हे बघ, मी नोंदवहीत लिहिलं नाही, घाई होती. नंतर लिहायला गेले तर मॅडम म्हणाल्या, राहू दे आता. चालकभाऊंचा फोन आला होता. मी म्हटलं, आतला उघडत नाही, तुम्ही बाहेरचा बघा. तर ते म्हणाले, बघतो, आणि इंजिनीअरबाईंना पण विचारतो."

"मला?"

"तुझ्याशिवाय इथे इंजिनीअरबाई कोण आहे? मी?"

जागेवर येऊन फोन पाहिला. ६ नोव्हेंबर. न उचललेले कॉल: १०:३८, १०:४१, १०:४७. तिन्ही एकाच नंबरवरून. नंबर नाव घालून ठेवलेला नव्हता. चालकांबरोबर मी पन्नास घरं केली, सव्वीस दिवस त्यांच्या शेजारी बसले, नंबर ठेवला नव्हता. अनोळखी नंबर मी उचलत नाही.

पण उचलला असता तरी कळलं नसतं, कारण फोन मुका करून पालथा ठेवला होता. मी मोठ्या खोलीत होते. तीन गावांचे पाहुणे, भिंतभर पडदा. १०:१२ ला कालव्याकाठचे चार ठिपके लाल झाले. मी म्हणाले, "हे बघा, आत्ता प्रत्यक्ष वीज गेलेली आहे. हे खरे ठिपके आहेत." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. सदतीस सगळ्यात उजवीकडे होता. मी काठीने दाखवला.

आठवा मुद्दा चूक आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सकाळी पिवळी पट्टी परत लावली. बटणाच्या खाली. दीड तास म्हटलं होतं, पन्नास मिनिटं लागली. मुदतीची आठवण देणाऱ्या मेलचा पत्ता बदलला. पाण्याचा नियमही घातला: ठिपका हलेल, पण कालवा ओलांडणार नाही. नोंदीत तिन्ही गोष्टी नीट लिहिल्या, कारणासकट.

दुपारी रुग्णालयात गेले. घड्याळवाले उशीला टेकून बसले होते. आवाज बारीक झाला आहे. सून शेजारी उभी.

"तुम्ही कोण?" सून.

"नकाशावाली," तेच म्हणाले. "घड्याळात धूळ भरलेली."

सून म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण तो गाडीवाला कुठे झोपला होता? मी दारात उभी राहून गल्लीकडे बघतेय, आणि पलीकडे, कारखान्याच्या फाटकापाशी एक गाडी उभी. मला काय माहीत ती आमचीच!"

म्हणजे ती चालकांना बघत होती. ते तिला बघत असतील का, माहीत नाही. मध्ये पाणी होतं.

मी सांगितलं. ठिपका हलवला होता, किती, का. पट्टी काढली होती. सांगायला सहा मिनिटं लागली. सून मधेच म्हणाली, "अगं बाई गं," आणि बाहेर गेली.

घड्याळवाले बराच वेळ दम घेत होते. मग म्हणाले, "माझ्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. बायकोने लावलेलं. चाळीस वर्षं तसंच चालतं, कारण घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाहुण्याला माहीत नसतं, तर त्याला सांगतो."

"हो."

"लपवायला मीच सांगितलं होतं. ते अजूनही लपव. पण गाडीवाल्याला सांगायचं ना गं, की हे घड्याळ पुढे आहे."

मी सॉरी म्हटलं. मराठीत कसं म्हणायचं ते ऐनवेळी सुचलं नाही. ते म्हणाले, "हात बघ." पांघरुणाबाहेर काढून दाखवला. कापत होता.

मी तो किती वेळ बघत होते ते मोजलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मॅडमनी बोलावलं.

"पट्टी कुणी लावली?"

"मी."

"मला न विचारता?"

"काढली तेव्हाही निर्णय घ्यायला अर्धं मिनिट लागलं होतं."

"उलटं बोलू नकोस. तुला कळतंय का, आत्ता पट्टी लावली म्हणजे आपणच सांगितलं की आधी नव्हती?"

"आधी नव्हती."

त्यांनी चष्मा काढला. "तू हुशार आहेस. पण हुशार माणसाला कुठे थांबायचं ते कळत नाही, हे मी फार बघितलंय. पुढच्या वर्षी तिन्ही गावांचं काम तुझ्याकडे देणार होते. देणार आहे. विचार कर."

विचार केला. बसथांब्यावर, बसमध्ये, जिन्यात. मला ते काम हवं आहे. हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार नाही. तीन गावं, कोऱ्या नकाशापासून. या कामासाठीच मी घर सोडून इथे आले. आठवा मुद्दा आहे तसा राहिला तर कुणालाच काही कळणार नाही. चालक स्वतःही बोललेले नाहीत. त्यांचा जबाब मी वाचला. तीन ओळी. "घर सापडलं नाही. शोधलं. उशीर झाला, चूक माझी." तीन कॉलचा उल्लेख नाही. का नाही, कळत नाही. विसरण्यासारखी गोष्ट नाही. माहिती अपूर्ण.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माहिती पुरी करायला चालकांच्या घरी गेले. फोन केला होता, त्यांनी उचलला नाही.

दोन खोल्या, पुढे छोटा ओटा. ओट्यावर बसून ते खुर्चीचा पाय बसवत होते.

"या, इंजिनीअरबाई! घर सापडलं? कोणत्या नकाशात आहे मी?"

"समन्वयकताईंनी पत्ता दिला."

"फोनवर दिला? नियम मोडला म्हणजे." हसले. आत हाक मारली, "अगं, चहा टाक. त्या आल्यात, एका पावलासाठी मागे फिरणाऱ्या."

त्यांची बायको बाहेर येऊन मला नीट न्याहाळून म्हणाली, "एवढीशी आहे की! हे सांगायचे तर मला वाटलं, मोठी कोणी बाई असेल."

मी विचारलं, जबाबात तीन कॉल का नाहीत.

"कामात असाल. फोन उचलला नाही हा गुन्हा आहे का?"

"प्रश्न तो नाही. तुम्ही विचारायचा प्रयत्न केला होता हे नोंदीत आलं पाहिजे. नाहीतर दोष तुमच्यावर येतो."

"येऊ दे. माझी दोन वर्षं राहिलीत. तुमची आत्ता कुठे सुरुवात आहे."

"हे कारण होऊ शकत नाही."

"यांना सगळं जग स्वतःच्या गाडीत बसवून न्यायचं असतं," बायको म्हणाली. "घरची माणसं मात्र पायी."

ते काही वेळ खुर्चीचा पाय ठोकत राहिले. मग हातोडी खाली ठेवली.

"खरं सांगू? चूक माझीच आहे. फाटकाशी गेलो तेव्हाच मनात आलं, कारखान्यात म्हातारा माणूस कशाला राहील? मागे वळायला हवं होतं. पण रखवालदार किल्ली आणायला गेला, आणि मी थांबलो. बारा मिनिटं."

"का?"

"ठिपका तुमचा होता म्हणून. दुसऱ्या कुणाचा असता तर दोन मिनिटांत वळलो असतो. मी बघितलंय ना तुम्हाला. पन्नास घरं, प्रत्येक दाराला हात लावून मोबाईल बघायचा, जिन्यावरून खाली येऊन परत वर जायचं. मी म्हटलं, या बाईंनी इथे ठिपका दिलाय म्हणजे आत कुठेतरी दार असणारच. आपल्यालाच दिसत नाही."

चहा प्यायले. साखर जास्त होती.

निघताना म्हणाले, "त्या कॉलबद्दल तुम्ही तोंडातून शब्द काढू नका. मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. मिटलं."

"मिटलेलं नाही, काका," मी म्हटलं.

गल्लीच्या तोंडापर्यंत ते सोडायला आले. तिथे एक भुंकणारं कुत्रं आहे, त्याच्यासाठी.

रविवार, १६ नोव्हेंबर

निवेदन लिहिलं. सात वेळा. पहिल्यात "तांत्रिक त्रुटी आढळली" असं होतं. आढळली म्हणजे रस्त्यात सापडल्यासारखी. शेवटच्यात "मी पट्टी काढली" असं आहे. बदलांची नोंद जोडली, माझ्या फोनमधल्या तीन कॉलचं चित्र जोडलं. जुन्या अहवालातला पाचवा आणि आठवा मुद्दा मागे घेतला.

झोपून पाहिलं, उठले, कपाट आवरलं. दुपारी आईला फोन करून म्हटलं, कामावर काहीतरी झालंय. ती म्हणाली, "काय झालंय?" मी सांगितलं. ती फार वेळ ऐकत राहिली, एकदाही मधे बोलली नाही. तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी निवेदन दिलं, पोच घेतली. मॅडमनी उभ्यानेच वाचलं.

"हे तीन कॉल त्यांचेच कशावरून?"

"नंबर त्यांचा आहे."

"नंबर आहे. पण ते कशासाठी केले, काय विचारायचं होतं, हे ते स्वतः कुठे म्हणतायत? त्यांचा जबाब तर सरळ आहे, चूक माझी. समिती तुझं ऐकेल, पट्टीचं लिहील, आणि त्यांचं त्यांच्या जबाबावर ठेवेल. म्हणजे तू पण गेलीस आणि ते पण. काय मिळवलंस?"

तीन गावांचं काम दुसऱ्याकडे देत असल्याचा मेल दुपारी आला. दोन ओळींचा. अपेक्षित होता. तरी दोनदा वाचला.

मॅडमचं एक म्हणणं बरोबर आहे. ते स्वतः बोलल्याशिवाय होणार नाही. फोन पाच वेळा केला, उचलत नाहीत. खाली लिहिलेलं पत्र कामावरून सुटल्यावर त्यांच्या घरी देऊन आले. ते नव्हते. बायकोच्या हातात दिलं. तिने तिथेच उभं राहून वाचलं आणि म्हणाली, "बघते मी." प्रत ठेवते.

काका,

मी आज समितीला निवेदन दिलं आहे. त्यात लिहिलं आहे की ठिपका मी हलवला होता, सूचनेची पट्टी मी काढली होती, आतल्या नकाशाचा पासवर्ड माझ्यामुळे बंद पडला होता, आणि तुम्ही मला तीन वेळा फोन केला तेव्हा मी तो उचलला नाही. हे आता मागे घेता येणार नाही, त्यामुळे मला वाचवण्यासाठी गप्प राहण्याची गरज उरलेली नाही.

समिती तुमच्या तीन ओळींच्या जबाबावर निर्णय देणार आहे. त्यात तुम्ही कुणाला विचारलं होतं हे नाही. तुम्ही समन्वयकताईंना विचारलं होतं आणि मला विचारत होता. ताई हे सांगायला तयार आहेत, पण तुम्ही सांगितलंत तर. बारा मिनिटं का थांबलात तेही सांगा. मला जसं सांगितलंत तसंच. ते ऐकायला मला अवघड गेलं, पण समितीने ते ऐकलं पाहिजे.

घड्याळवाल्यांना काल घरी सोडलं. त्यांनी विचारलं आहे की तुम्ही पुन्हा गाडी कधीपासून चालवणार. मी माहीत नाही असं सांगितलं.

सभा गुरुवारी सकाळी साडेदहाला आहे. येताना तुमचा फोन आणा, त्यातली ६ तारखेची यादी दाखवायची आहे. मी दहा वाजता पायऱ्यांपाशी असेन.

तुम्ही येणार की नाही, हे कृपया बुधवारी, १९ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत मला कळवा.